नऊशे साठ चौकटी

समुद्र अगदी बरोबर जमला होता, आणि तरी कुणी टाळी वाजवली नाही.

यामिनी पोतनीस मागच्या भिंतीला टेकून उभी होती. कडेवर नऊ महिन्यांची रेवा, रेवाच्या मुठीत आईच्या ओळखपत्राची दोरी. समोर पडद्यावर प्रलय चालला होता. ढगांच्या पोटात वीज फिरत होती, डोंगराएवढ्या लाटा उठत होत्या, आणि त्या कल्लोळाच्या मधोमध एका पानावर पाच महिन्यांचं बाळ पडलं होतं. चार महिने यामिनी त्या पाण्यात राहिली होती. वाऱ्याचा वेग, पाण्याची खोली, पानाचं वजन, सगळं मोजूनमापून घेतलेलं. कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती.

"छान आहे," पाहुण्यांपैकी एक बाई म्हणाल्या. लग्नात न आवडलेल्या आहेराला म्हणतात तसं.

मग तुलनेसाठी भोसेकरांनी मूळ प्रसंग लावला. 'पर्णबालक', सन एकोणीसशे सत्तावन्न, कोल्हापुरात घडलेला कृष्णधवल पौराणिक चित्रपट. ढग कापसाचे, हे लगेच कळत होतं. एकच लाट दोनदा येऊन जात होती. पण पान हललं आणि खोलीतली माणसं खुर्चीत पुढे सरकली. बाळाचा ओठ थरथरला तेव्हा कुणीतरी हळूच श्वास घेतला. मग बाळ हसलं, त्या तसल्या प्रलयात, बोळकं उघडून. आणि मघाच्या बाईंनी चष्मा काढून पुसला.

रेवाच्या मुठीतली दोरी कधी सुटली ते यामिनीला कळलंच नाही. पोर खांद्यावर मान टाकून पडद्याकडे बघत होती, झोपेला आल्यासारखी.

"असं कसं गं?" पाहुणे गेल्यावर भोसेकर म्हणाले. "आपलं पाणी खरं आहे. त्यांचं खोटं. मग?"

भोसेकर या प्रकल्पाचे प्रमुख. साठीचा, चेकच्या शर्टातला, रंगराव मिस्त्रींचं नाव घेताना अजून कानाला हात लावणारा माणूस. रंगराव म्हणजे 'पर्णबालक'चे ट्रिकमास्तर. कापूस, आरसे, काचेवर रंगवलेले डोंगर आणि हातानं फिरवायचा कॅमेरा एवढ्या भांडवलावर त्यांनी तीन लोक उभे केले होते. भोसेकरांचा नियम एकच होता : जसाच्या तसा. संवाद तेच, चेहरे तेच, कॅमेरा होता तिथेच. फक्त रंगरावांना जे दाखवायचं होतं आणि साधनं नव्हती म्हणून राहिलं, तेवढं आजच्या तंत्रानं पुरं करायचं. "त्या काळी लोक या प्रसंगाला हात जोडायचे," ते सांगत. "माझी भाची आज दोऱ्या मोजते आणि हसते. सिनेमा आहे तोच आहे, डोळे बदलले. त्या डोळ्यांनाही हात जोडावेसे वाटले पाहिजेत ना?"

यामिनीला हे मनापासून पटलेलं होतं. घाईही होती. फिल्मच्या डब्यांना आंबट वास सुटला होता, म्हणजे पट्टी आतून कुजायला लागली होती. आणि नव्या कायद्याप्रमाणे, जुन्या चित्रपटातला जो कलाकार हयात असेल त्याच्या सहीशिवाय त्याचा चेहरा नव्या चित्रात घेता येत नव्हता. 'पर्णबालक'मधलं सगळ्यात लहान माणूस तेवढं आता हयात होतं. तेच, पानावरचं. त्या बाईंनी दोन पत्रांना नकार कळवला होता, आणि महिनाअखेरीला मुदत संपत होती. सही आली नाही तर डबे परत मालकाच्या गोदामात, आणि तिथे ते वर्षही काढणार नव्हते.

"तू जा," भोसेकर म्हणाले. "कडेवर पोर आहे. दारातून तरी परत पाठवणार नाहीत."

कुमुद इंगवले कोल्हापुरातच, मंगळवार पेठेत राहायच्या. पस्तीस वर्षं मुलींना शिवणकाम शिकवलेलं, त्यामुळे गल्लीला त्या अजून 'बाई'च होत्या. वय अठ्ठ्याहत्तर, पाठ ताठ, गळ्यात मोजपट्टी.

"दोन पत्रं झाली, आता माणूस पाठवला," दार उघडून त्या म्हणाल्या. मग नजर रेवाकडे गेली. "आणि वकील एवढा लहान आणलाय व्हय? ये आत. टोपडं काढ आधी तिचं, उकडतंय तिला."

कोल्हापूरच्या जुन्या बायकांसारखं त्या स्वतःबद्दल 'मी येतो, मी जातो' असंच बोलायच्या. यामिनी नाशिकची, तिला ते ऐकताना गंमत वाटत होती आणि थोडा धाकही.

"बाई, सिनेमातलं एक अक्षर आम्ही बदलणार नाही," तिनं पाठ करून आणलेलं सुरू केलं. "फक्त पाणी आणि आभाळ..."

"तेच तर म्हणतो मी. बदलणार नाही. म्हणजे मला पुन्हा एकटीला पाण्यात सोडणार."

यामिनीनं रेवाचं टोपडं पिशवीत कोंबलं.

"मी तीन वर्षांची असताना आई गेली," बाई म्हणाल्या. हातात चोळीचं कापड होतं, त्याची उसवण चालूच होती. "फोटो नाही एक. स्टुडिओच्या कपडेपटात शिवायची, एवढं ठाऊक. मला वाढवलं आत्यानं. आत्या मायाळू होती, पण हा एक राग तिच्या पोटातनं गेला नाही. म्हणायची, तुझ्या आईनं पाच महिन्यांचं पोर हौदात सोडलं आणि काठावर उभी राहून बघत बसली. घरात सगळ्यांनी विचारलं तिला. वडिलांनी विचारलं. तोंड उघडलं नाही बाईनं. शेवटपर्यंत नाही. आता सांग, खोटं असतं तर बोलली नसती?"

"तुम्ही पाहिलाय तो प्रसंग?"

"एकदा. शाळेत असताना. सगळं थिएटर हात जोडून बसलेलं, आणि मला काय दिसत होतं? एक पोरगी रडतीया आणि जवळ कोण नाही." त्यांनी दोरा दातानं तोडला. "चांगला असंल सिनेमा. लोक म्हणतात तर असंल. मला तो पुन्हा नको."

यामिनीनं पिशवी उचलली. वाकताना रेवा कलली, आणि बाईंनी काही न विचारता तिला घेतलं, मांडीवर आडवी टाकली आणि गुडघा हलवायला लागल्या. पुढच्या क्षणी रेवाचा ओठ वाकडा झाला. पण रडू आलंच नाही. वाटेतच विरलं.

"अजून रडलीही नव्हती ती," यामिनी नवलानं म्हणाली.

"रडल्यावर हलवून काय उपयोग? तोंडावर यायच्या आधी अंग आखडतं त्यांचं. मांडीला कळतं. आई आहेस ना? तुझी मांडी काय करती मग?"

यामिनी हसली. रिक्षात बसली, रेवाला मांडीवर घेतलं, आणि राजारामपुरीच्या वळणावर एकदम ताठ झाली.

"दादा, जरा लवकर घ्या ना."

प्रयोगशाळेत पोचल्या पोचल्या तिनं रेवाला भोसेकरांच्या हातात दिलं आणि मूळ प्रसंगाचा आलेख उघडला. चाळीस सेकंदांचा प्रसंग. सेकंदाला चोवीस चौकटी, म्हणजे एकूण नऊशे साठ. त्यात पान प्रत्येक चौकटीत किती वर गेलं, किती खाली आलं, याची रेघ संगणकानं कधीच काढून ठेवली होती. ती रेघ वेडीवाकडी होती. पाणी असं हलत नाही, म्हणून यामिनीनंच चार महिन्यांपूर्वी त्या रेघेला 'दोष' असं नाव दिलं होतं आणि ती पुसून आपल्या गणिताची गुळगुळीत लाट बसवली होती.

"इथे बघा," ती म्हणाली. "चारशे बाराव्या चौकटीत पान जोरात हलायला लागतं. आणि बाळाचा ओठ थरथरतो चारशे तिसाव्या चौकटीत. अठरा चौकटी नंतर. पाऊण सेकंद."

"मग?"

"लाटेला आधी कळलं, सर. पोर रडणार आहे हे लाटेला आधी कळलं."

भोसेकर रेवाला तशीच धरून उभे राहिले. "पाण्याला कसं कळेल?"

"पाण्याला नाही कळत. मांडीला कळतं."

त्यांनी डब्यातलं कार्ड काढलं. रंगरावांची एक सवय होती : प्रत्येक प्रसंगाच्या डब्यात एक पुठ्ठ्याचं कार्ड टाकायचं, आणि त्या प्रसंगात जे जे हलतं ते कुणी हलवलं त्याचं नाव लिहायचं. धूर : बाबू. वीज : अण्णा. गरुडाचे पंख : हरी आणि दौलत. या कार्डावर एकच ओळ होती. पाणी : शेवंता. पंपावर बसणारी कुणी बाई असेल असं सगळे धरून चालले होते. पण समुद्राची पट्टी वेगळी होती, कोकणच्या किनाऱ्यावर घेतलेली, आणि तिच्या डब्यात वेगळं कार्ड होतं. या पट्टीत फक्त काळी पार्श्वभूमी, पान आणि बाळ. दोन्ही पट्ट्या नंतर एकावर एक छापलेल्या. म्हणजे ज्या पट्टीच्या कार्डावर पाणी लिहिलं होतं, तिच्यात पाण्याचा थेंबसुद्धा नव्हता.

"हे आपण एवढे दिवस वाचतोय," भोसेकर पुटपुटले. "वाचतोय आणि पुढे जातोय."

आता काम कणवाचकाचं होतं. फिल्मवर चांदीचे बारीक कण असतात. उजेड पडला की ते बदलतात, आणि धुतल्यावर काळे होतात. साधं यंत्र पट्टी किती काळी, किती पांढरी एवढंच बघतं. कणवाचक एकेक कण वेगळा मोजतो. आणि मोजायला इथे थोडंसं काहीतरी होतं, कारण जगातली कुठलीच मखमल पुरती काळी नसते. शंभर भाग उजेड पडला तर अर्धा भाग ती परत पाठवतेच. त्या अर्ध्या भागानं एखाददुसरा कण बदललेला असतो. एका चौकटीत ते कण शोधणं म्हणजे जत्रेच्या कोलाहलात कुणाचं कुजबुजणं ऐकणं. पण तीच कुजबुज नऊशे साठ वेळा ऐकायला मिळाली तर? कोलाहल दर वेळी वेगळा, कुजबुज मात्र तीच. सगळ्या चौकटी एकावर एक ठेवल्या की कोलाहल आपोआप एकमेकांत जिरतो. यामिनीनं यंत्राला सांगितलं : काळ्यातलं जे जे पानाबरोबर हलतं, ते बाजूला काढ.

यंत्रानं दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी दुपारी, रेवाला भात भरवता भरवता, यामिनीनं पडद्याकडे पाहिलं आणि चमचा हवेतच राहिला.

भोसेकरांना आनंदानं काही सुचेना. "मी याचं पोस्टर करतो! लोकांना वेड लागेल! अठ्ठ्याहत्तर वर्षं कुणाला पत्ता नाही, यामिनी. काय माणूस होता रंगराव!"

"आधी बाईंना दाखवायचं."

"दाखवू की. सही झाली की लगेच."

"नाही सर. आधी."

भोसेकर खुर्चीत बसले. "हे बघ, ते बघून त्या म्हणाल्या की आता सिनेमाला हातच लावू नका, आहे तसा राहू दे, तर? आपल्या हातात पाच दिवस आहेत. डब्यांचा वास तूच घेतलायस ना?"

"घेतलाय," यामिनी म्हणाली. चार महिन्यांचा समुद्र होता तिचा. रेवाच्या झोपा सांभाळून, तासातासानं जमवलेला. "पण जसाच्या तसा हा आपला नियम आहे. त्यांच्यापासून लपवून घेतलेल्या सहीवर जसाच्या तसा काय करणार आपण?"

भोसेकरांनी रंगरावांचं कार्ड उलटसुलट केलं. "बोलाव," शेवटी म्हणाले.

बाई सकाळी दहाला आल्या, इरकल नेसून, स्वतःची पाण्याची बाटली घेऊन. "बघून घेतो. सही करीन असं समजू नका," दारातच सांगून टाकलं.

पडद्यावर ते चाळीस सेकंद सुरू झाले, पण समुद्राशिवाय. आभाळाशिवाय. नुसती काळी पट्टी, आणि त्या काळ्यातून राखाडी रेघांनी वर आलेलं काहीतरी. आधी मोठ्या घडीच्या कापडाचा ढीग वाटला. मग त्याला गुडघे दिसले, जुळवून धरलेले, आणि गुडघ्यांवर ते पान. दोन हात. कापडाखाली वाकलेली मान. चेहरा नव्हता. चेहऱ्यावरून मखमल घट्ट ओढलेली होती. पण तो सगळा ढीग श्वास घेत होता, आणि त्या श्वासाबरोबर पान वर जात होतं, खाली येत होतं.

"हौद नव्हता, बाई," यामिनी हळूच म्हणाली. "पाणी नव्हतंच तिथे. पाण्याला लागला नाहीत तुम्ही. मांडीवर होतात."

बाई पुढे वाकल्या. वाकून वाकून पडद्याच्या अगदी जवळ गेल्या, आणि त्यांचं बोट वर आलं ते गुडघ्यांवरून ओघळणाऱ्या घडीवर.

"मखमल उलटी घेतलीया," त्या म्हणाल्या. आवाज शिवणवर्गातला होता. "लव वरच्या अंगाला केलीया. लव खाली असली की मखमल चमकती. वर केली की उजेड गिळती. मी पोरींना पहिल्या महिन्यात शिकवायचो हे." थांबल्या. "ही घडी कपडेपटाच्या बाईनंच घातलीया. दुसऱ्या कुणाला नाही सुचायचं."

भोसेकरांनी कार्ड पुढे केलं. पाणी : शेवंता. बाईंनी ते हातात घेतलं आणि चष्मा नसल्यासारखं लांब धरलं. "आईचंच नाव," त्या म्हणाल्या.

"पण मग बोलली का नाही ती?"

"ट्रिकखात्यात शपथ असायची," भोसेकर म्हणाले. "त्याच खात्यातल्या माझ्या वडिलांनीही घेतलेली. ट्रिक कशी केली ते घरात, बायकोजवळसुद्धा सांगायचं नाही. कळलं की देव उतरतो पडद्यावरून, असं म्हणायचे रंगराव. आणि आई मांडीवर घेऊन बसली होती असं सांगणं म्हणजेच ट्रिक सांगणं."

"सगळं घर बोल लावत होतं तिला."

"हो."

"आणि तिनं लावू दिला."

पडद्यावर पान हलत होतं. बाळाचा ओठ थरथरला, हलणं आधीच वाढलं होतं, थरथर थांबली. आणि मग सातशेच्या पुढच्या चौकटींत पानाच्या कडेशी काहीतरी सरकलं. यामिनीनं प्रसंग हळू केला. मखमलीत गुंडाळलेला अंगठा होता तो. पानाखालून आला, बाळाची टाच शोधली, आणि टाचेवर फिरला. एकदा, दोनदा.

बाळ बोळकं उघडून हसलं.

"या हसण्यावर त्या काळच्या वर्तमानपत्रात लेख आलाय," भोसेकर म्हणाले. "दैवी हास्य म्हणून."

कुमुदबाईंनी पदर डोळ्यांना लावला, पण क्षणभरच. मग त्या सरळ बसल्या. "सही कुठं करायची?"

भोसेकरांचा हात पेनाकडे गेला. "बाई, तुमची आई आम्ही साऱ्या जगाला दाखवू..."

"नाही दाखवायची."

पेन तसंच राहिलं.

"मुद्दाम लपली होती ना ती? एवढी लव उलटी करून? मग तुम्ही कोण उघडी पाडणार? मी बघितली, बास झालं. लोकांना तुमचं पाणी दाखवा, आभाळ दाखवा, काय विजा पाडायच्या त्या पाडा. पोरंटोरं हात जोडू देत, बघू दे मला." त्या यामिनीकडे वळल्या. "पण पाणी तिचंच ठेवायचं. तू पुसलंस ना ते, दोष म्हणून? ते परत घाल."

"घालते," यामिनी म्हणाली.

"आणि नाव घाल तिचं. कार्डावर आहे तसं. काय केलं ते सांगायचं नाही, नाव तेवढं."

सही झाली. ठळक, वळणदार, फळ्यावर लिहिणाऱ्या माणसाची.

पुढचे सात आठवडे यामिनीनं आपला समुद्र मोडला आणि पुन्हा बांधला. आधी तिनं समुद्र घडवून त्यावर पान सोडलं होतं. आता उलटं केलं. पानाचं हलणं मूळचंच, शेवंताबाईंच्या गुडघ्यांचं. आणि त्या हलण्यातून समुद्र वाढवला. यंत्राला विचारलं : पान असं हलायला खालची लाट कशी हवी? तिच्या मागची कशी? तिच्या मागची? अशी एकेक करत लाट क्षितिजापर्यंत गेली. वारा त्या लाटांना विचारून वाहिला. अंगठ्याच्या जागी एक लहानशी लाट पानाच्या कडेला येऊन बाळाच्या टाचेला लागत होती. पदार्थविज्ञानाचे सगळे नियम पाळले गेले होते, फक्त समुद्राला एक मांडी मिळाली होती. काम करताना रेवा कधी शेजारच्या सतरंजीवर असायची, कधी मांडीवर, आणि यामिनीच्या लक्षात यायचं की आपला गुडघा केव्हाचा हलतोय.

चित्रपट लागला तो कोल्हापुरातच, भर दुपारचा पहिला खेळ. शाळेच्या चार तुकड्या आणल्या होत्या. सुरुवातीला कृष्णधवल चेहरे बघून पोरांनी शिट्ट्या मारल्या, एकानं देवाच्या मिशीवर विनोद केला. मधल्या रांगेत यामिनी, तिच्या शेजारी कुमुदबाई, आणि बाईंच्या मांडीवर रेवा, कारण तिनं दुसरीकडे बसायला साफ नकार दिला होता.

प्रलय आला. आभाळ फाटलं. शिट्ट्या थांबल्या. एवढ्या मोठ्या पाण्यावर ते एवढंसं पान आलं, आणि दोनशे पोरं एकदम गप्प झाली. ओठ थरथरला तेव्हा पुढच्या रांगेतली एक मुलगी "अगं बाई" म्हणाली. बाळ हसलं तेव्हा सगळं थिएटर हसलं, आणि कुणाच्या तरी डोक्यात आलं असेल, मागून हलकेच हात जोडल्याचा आवाज आला. जोडताना बांगड्या वाजल्या, त्याचा.

यामिनीनं शेजारी पाहिलं. रेवा झोपली होती. बाईंचा गुडघा हलत होता, वर, खाली, पडद्यावरच्या पानाबरोबर, चौकटीला चौकट जुळवून. आणि त्यांना स्वतःला ते ठाऊक नव्हतं.

शेवटी नावं वर सरकायला लागली. मूळची सगळी, रंगरावांच्या अक्षरात. धूर, वीज, गरुडाचे पंख. मग एक ओळ एकटीच आली आणि गेली.

पाणी : शेवंता.

"काय पाणी केलंय राव या बाईनं," मागच्या रांगेतला एक पोरगा मित्राला म्हणाला. "कंप्युटरवर केलं असेल ना?"

कुमुदबाई मान वळवून त्याच्याकडे बघायला लागल्या. ओठ उघडले. यामिनीला वाटलं, आता सांगतात.

त्यांनी ओठ मिटले. रेवाच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं, आणि पोर जागं होऊ नये म्हणून, थिएटर रिकामं होईपर्यंत तशाच बसून राहिल्या.